लिंबापासून सतरा पावलं

कंपनीची बस क्रांती चौकाच्या पुलावर चढली आणि खिशातला फोन थरथरला. अपेक्षाने, माझ्या लेकीने, शेतातून फोटो पाठवला होता. काळ्या रानावर पांढऱ्या फक्कीच्या सरळ रेघा, चार खोल्यांचे चार चौकोन, मागे लिंबाचं, म्हणजे कडूलिंबाचं, झाड आणि झाडाखाली पदर खोचून उभी असलेली सुलेखा. माझी बायको हसत होती. खाली लेकीने लिहिलं होतं, "पप्पा, गंमत बघा. घर बारा फूट पूर्वेला सरकवलं. लिंब वाचला. आई आठ दिवसांनी हसली. दुपारी जेसीबी येतोय." मी दोन बोटांनी फोटो मोठा केला, मग अजून मोठा केला, इतका की नुसते पांढरे-काळे ठिपके दिसायला लागले. ठिपक्यांत काही दिसणार नव्हतं, हे मलाही कळत होतं. तरी मी स्वयंपाकघराच्या चौकोनावरून बोट फिरवत राहिलो. लिंबापासून सतरा पावलं. म्हणजे चाळीस फूट, एखादा इकडे-तिकडे. घर आधीच्या जागी असतं तर ती जागा भिंतीच्या बाहेर पडत होती, चांगली आठ-दहा फूट बाहेर. मी महिनाभर तेच गणित करत होतो आणि निवांत होतो. आता ती बरोबर चुलीच्या ओट्याखाली आली होती.

"काय रे, बातमी काय?" शेजारचा कडूबा म्हणाला. मी म्हटलं, "काय नाय, घराची आखणी झाली." "मग तोंड कामून असं पडलंय? लोकं पेढे वाटतेत." मी हसल्यासारखं केलं. आमच्या बसमध्ये कडूबा एक आणि कचरू मी एक, दोन्ही नावांची जन्मकथा सारखीच. माझ्या आधीचे दोन भाऊ वर्षाच्या आत गेले म्हणून आईने, आवडाबाईने, मला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवलं, सुपात घालून परत उचलून आणलं आणि कचरू नाव ठेवलं. कचरा कोण नेतंय? मरणाला फसवायची ही आमच्याकडची जुनी युक्ती, आणि माझ्या बाबतीत तरी ती लागू पडली. पंचेचाळीस वर्षं झाली, मला कोणी उचललं नाही. आयटीआयला असताना मात्र या नावाची इतकी लाज वाटायची की मी स्वतःला के. बन्सी सांगायचो. त्या लाजेपायीच पुढं एक गोष्ट घडली, किंवा घडली नाही, असं मला कधीकधी वाटतं. आमची पहिली मुलगी जन्मली ती पावणेदोन किलोची. आई म्हणाली, "हिचं नाव धोंडी ठेव. आत्ताच्या आत्ता, कानात म्हण." मी म्हटलं, असलं काही नको, बारशाला चांगलं नाव ठेवू. बारशापर्यंत ती थांबलीच नाही, पाचव्या दिवशी पहाटे गेली. डॉक्टर म्हणाले वजन कमी होतं, फुफ्फुसं तयार नव्हती, आणि ते खरंच असणार. पण एक दगडासारखं नाव कानात सांगायला माझं काय जात होतं?

नगर नाक्याच्या पुढं ऊन खिडकीतून मांडीवर आलं. सव्वाआठलाच ते टोचत होतं. तेव्हाही असाच उन्हाळा होता. सुलेखा सरकारी दवाखान्यात खाटेवर होती, टाके ओले होते. इतक्या लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात, आणि आमच्याकडं स्वतःचं रान असेल तर स्वतःच्या रानात. मी पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं ते ओझं मांडीवर घेऊन रिक्षाने शेतात गेलो. ओझं कसलं, आईच्या पितळी तांब्यापेक्षा हलकं होतं. दादा पहार-फावडं घेऊन लिंबाखाली उभेच होते. दादा म्हणजे माझे वडील, बन्सी. त्यांनी पहार हाणली. खणकन आवाज आला आणि पहार उसळली. काळी माती उन्हाळ्यात कशी होते ते ज्याने खणली त्यालाच ठाऊक, त्यात लिंबाच्या मुळ्या जागोजाग. दादांनी अर्धा तास हाणली, वीतभर खड्डा झाला. हाताची साल निघाली तसे ते थांबले. म्हणाले, "इथं व्हत नाय. रात्री कडवळाला पाणी दिलंय, तिकडं मऊ हाय." आणि पहार खांद्यावर टाकून चालायला लागले, मोठ्याने पावलं मोजत. मी मागून चालत होतो. सतरा म्हणून ते थांबले. तिथं माती लोण्यासारखी निघाली, कमरेइतकी. वर ना झाड, ना झुडूप, कडवळाची वैरण तर दहा दिवसांत कापायची होती. दादा म्हणाले, "ध्यानात ठेव. सतरा." मी मान हलवली. माझे हात रिकामे झाले होते आणि त्यांचं काय करावं ते मला कळत नव्हतं.

संध्याकाळी दवाखान्यात गेलो. सुलेखा भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिने मला काय विचारावं? कुठं पुरलं, कसं पुरलं, शेवटचं तोंड कसं दिसलं, असलं काही नाही. तिने विचारलं, "सावली हाय ना तिथं?" मी म्हटलं, हाय. लिंबाखाली ठेवलंय, गार सावलीत. एका दमात म्हणालो, विचारसुद्धा केला नाही. तेवढं ऐकल्यावर ती रडली, तोवर रडली नव्हती. बाहेर व्हरांड्यात दादा उभे होते, त्यांनी ऐकलं होतं. घरी जाताना म्हणाले, "बोललास ते बोललास. आता तो शब्द तुझा. मी मधी पडायचो नाय." आणि खरंच कधी पडले नाहीत. फक्त तिथली पाच-सहा हात रुंद पट्टी त्यांनी नंतर पेरली नाही. गडी हसायचे, म्हाताऱ्याला ऊन लागलं म्हणायचे. आई गेल्यावर रान बटईने दिलं, तर बटईदाराने पहिल्याच वर्षी ट्रॅक्टर आडवातिडवा फिरवून सगळं एकसारखं केलं आणि वर कौतुकाने सांगितलं, "ती पडीक पट्टीबी काढून टाकली, मालक." दादा त्या दिवशी जेवले नाहीत.

खोटं एकदा बोललं की ते आपलं आपण वाढतं, त्याला खतपाणी लागत नाही, असं लोक म्हणतात. आमच्या खोट्याला पाणीही मिळालं. आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याचा करा मांडतात. लहान लेकरासाठी तसलं काही नसतं, आईने सुलेखाला परोपरीने सांगितलं, पण ती ऐकली नाही. दर आखितीला बोटभर उंचीचा मातीचा करा, त्यात वाळ्याचं पाणी, आणि लिंबाच्या बुंध्याशी एक पुरणाचा लहानसा उंडा. एकोणीस आखित्या. मी दर वर्षी शेजारी उभा राहिलो, हात जोडले, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून सतरा पावलं पलीकडे बघत राहिलो. लिंब मात्र फोफावला. त्याच्याएवढी सावली आता आख्ख्या शिवारात नाही. कधी वाटायचं, सांगून टाकावं. मग वाटायचं, एक वर्षाने सांगितलं असतं तर ती रागावली असती, पाच वर्षांनी सांगितलं असतं तर तुटली असती. आता सांगितलं तर काय होईल त्याला माझ्याकडं मापच नव्हतं.

आणि मापं घेणं हाच माझा धंदा. कंपनीत मी तपासणीला आहे. गोल गज हातात घ्यायचा, दोन तोंडांचा गेज लावायचा. एका तोंडात गज गेला पाहिजे, दुसऱ्यात जाता कामा नये. बस्स. बावीस वर्षं मी लोकांनी केलेल्या चुका केसाच्या जाडीने पकडतोय. त्या दिवशी पहिल्या तासाभरातच माझ्या हातातून तीन खराब नग पुढं गेले, आणि ते परत आले तेव्हा सुपरवायझर माझ्याकडे बघून गेला. मी नगांकडे बघत होतो आणि मला दिसत होती ती मनगटी. काळ्या मण्यांची, आईने दृष्ट लागू नये म्हणून पहिल्याच दिवशी बांधलेली. मी ती सोडली नव्हती. बाकी काही उरलं नसेल, पण काचेचे मणी कुजत नाहीत. काळ्या मातीवर घर उभं राहत नाही, पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते, भिंतींना तडे जातात. म्हणून मुरूम लागेपर्यंत सगळी काढायची आणि बाहेरून मुरूम आणून भरायचा, असं रामकिसन मिस्त्रीने बजावलं होतं. जेसीबीचं एक बकेट म्हणजे गाडाभर माती. ती कुणाच्या तरी बांधावर नेऊन टाकणार. त्यात सात-आठ काळे मणी असले काय आणि नसले काय.

सगळ्यात वाईट म्हणजे हे माझ्याच थंडपणामुळं झालं होतं. पहिल्या नकाशात लिंब आडवा येत होता. अपेक्षा सिव्हिलचा डिप्लोमा करते, नकाशा तिनेच काढलेला. ती घाबरत घाबरत म्हणाली, "पप्पा, झाड तोडावं लागेल." तिला एवढंच ठाऊक होतं की लिंबाखाली तिची मोठी बहीण आहे. मी म्हटलं, तोडू मग. इतक्या सहज म्हणालो, कारण मला माहीत होतं की लिंबाखाली मुळ्यांशिवाय काही नाही. सुलेखा माझ्याकडे बघत राहिली. "तुम्हाला काहीच वाटत नाय?" एवढंच बोलली, आणि मग आठ दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी लेकीला घेऊन शेतात, दादांच्या पत्र्याच्या खोलीत राहायला गेली. मुकुंदवाडीच्या आमच्या दोन खोल्यांत मी एकटा भात शिजवून खात होतो. मला वाटत होतं, झाड पडेल, ती रडेल, महिनाभर रडेल, मग घर उभं राहील, आणि मागच्या अंगणात मी त्या जागेवर एक मोगरा लावेन. कुणाला सांगायचं नाही. मी जाईन तेव्हा तेही माझ्याबरोबर जाईल. असा बेत होता. मोगऱ्याचं रोपसुद्धा शहागंजातून आणून गॅलरीत ठेवलं होतं. लेकीला आईचे ते आठ दिवस बघवले नाहीत, तिने घर उचलून बाजूला ठेवलं. यात तिची काय चूक?

अकराला फोन आला. "पप्पा, आजोबांना काय झालंय ते कळत नाहीये." अपेक्षाचा आवाज रडवेला होता. "जेसीबी लवकरच आला. तर आजोबांनी खाट ओढत आणली आणि आखणीच्या मधोमध टाकून बसलेत. उन्हात. उठतच नाहीत. आईने हातापाया पडून बघितलं. म्हणतात, कचऱ्याला बोलवा."

"तापलेत का?"

"बेचाळीस आहे आज, पप्पा. तुम्ही निघा."

मी गेटपास घेतला, गेटवरच्या वॉचमनची गाडी मागितली. वाळूजच्या पुढं रस्त्यावर सावली नावाला नाही. हेल्मेटच्या आत माझा स्वतःचा श्वास मला ऐकू येत होता, आणि मी वाक्यं जुळवत होतो. सुलेखा, एक सांगायचं राहिलं. सुलेखा, तेव्हा माझी अक्कल किती होती. सुलेखा, दादा म्हणाले म्हणून. एकही वाक्य धड नव्हतं, कुठलंही घेतलं तरी त्याच्या शेवटी एकोणीस वर्षं उभी होती. मला भीती वाटत होती, साधी, लहान पोराला वाटते तसली भीती. एक विचार असाही आला, आणि तो आला हे मी लपवत नाही, की म्हाताऱ्याला उन्हाने काही झालं तर आज जेसीबी चालणार नाही, आजचा दिवस टळेल. मग मी गाडी जोरात पळवली.

जेसीबी लिंबाच्या सावलीत उभा होता, चालक चाकाला टेकून पाणी पीत होता. रामकिसन मिस्त्री डोक्याला टॉवेल बांधून बांधावर बसला होता. लिंबाच्या बुंध्याशी चार दिवसांपूर्वीच्या आखितीचा करा अजून होता. आणि फक्कीच्या रेघांच्या आत, बैठकीच्या खोलीच्या बरोबर मध्यावर, सुतळीच्या खाटेवर दादा बसले होते. ओला पंचा डोक्यावर, डोळे मिटलेले. सुलेखा शेजारी उभी राहून त्यांच्यावर काळी छत्री धरत होती. तिची स्वतःची पाठ उन्हात होती, ब्लाउज घामाने काळा झाला होता.

"मामा, उठा बरं आता. आले बघा हे. डोकं फिरंल असल्या उन्हानं."

दादांनी डोळे उघडले. "माझं कुठं फिरतंय." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "मी खाट आणली. माझं काम झालं. आता तू बोल."

"काय बोलायचंय?" सुलेखाने विचारलं. आठ दिवसांनी माझ्याकडे बघून बोललेलं तिचं पहिलं वाक्य.

वाटेत जुळवलेलं सगळं गळून पडलं. मी म्हटलं, "ती लिंबाखाली नाय. इथं हाय."

"कोण?"

तिने लिंबाकडे पाहिलं, कऱ्याकडे पाहिलं, मग खाटेखाली पाहिलं. मी खाली मान घालून सांगत गेलो. पहार उसळली ते, मुळ्यांचं, कडवळाला दिलेल्या पाण्याचं, सतरा पावलांचं, दवाखान्यात एका दमात बोललो ते. अपेक्षाच्या तोंडून "पप्पा!" एवढंच आलं. "म्हणजे आई इतकी वर्षं तिकडं..." सुलेखाने हात वर करून तिला गप्प केलं. मी वाट बघत होतो. शिव्या द्याव्यात, छत्री फेकून मारावी, कॉलर धरावी, काहीही करावं. मला ते हवंच होतं. फार वर्षांपासून हवं होतं.

"म्हंजी सावली नव्हती," ती म्हणाली.

"नव्हती."

"एकोणीस उन्हाळं."

"व्हय."

दादा माझा खांदा धरून उठले. त्यांचं अंग तव्यासारखं तापलं होतं. "उचला आता खाट," ते म्हणाले. रामकिसन आणि अपेक्षा पुढं झाले, त्यांनी खाटेचे खूर धरले.

"राहू द्या," सुलेखा म्हणाली. खाटेखाली सुतळीच्या विणीची जाळीदार सावली पडली होती. ती वाकली आणि त्या सावलीत हात ठेवून बघितला, आपण बाळाच्या आंघोळीचं पाणी बघतो तसा. "खाट राहू द्या तिथंच." मग तशीच वाकलेली असताना विचारलं, "नक्की इथंच ना, मामा?"

"सतरा पावलं. सकाळी परत मोजून मगच खाट टाकली."

मला तेव्हा ते लक्षात आलं. खाट बैठकीत होती. माझ्या हिशोबाने ती जागा स्वयंपाकघरात होती. मी लिंबापाशी गेलो, बुंध्याला पाठ लावली आणि चालत आलो, मोठ्याने मोजत. अकराव्या पावलाला खाट मागं पडली. सतरा म्हटलं तेव्हा मी स्वयंपाकघराच्या पलीकडच्या भिंतीला दोन हात उरले असताना उभा होतो. दादा माझ्याकडे बघत होते. त्यांचं तोंड उघडं राहिलं होतं.

"सतराच हायेत," ते म्हणाले. "मी दोनदा मोजली."

"दादा, तुमचं पाऊल लहान झालं."

त्यांनी स्वतःच्या पायांकडं पाहिलं. ऐंशी वर्षांचे वाळलेले पाय, टाचा फुटलेल्या. तेव्हा त्यांच्या खांद्यावर पहार होती आणि ते भराभर चालले होते, की थकून हळू चालले होते? मी मागून चालत होतो आणि मी पाहिलं नव्हतं. आमच्या दोघांच्या सतरा पावलांमध्ये पंधरा-सोळा फूट काळं रान पडलं होतं, ट्रॅक्टरने एकसारखं केलेलं, सगळीकडं सारखंच.

जेसीबीवाला लांबून ओरडला, "साहेब, करायचं का सुरू? नाहीतर मला दुसरीकडं जायचंय." अपेक्षाने हातातला नकाशा गुंडाळला. थोड्या वेळाने इंजिन सुरू झालं आणि मशीन बांधावरून निघून गेलं.

सुलेखा उठली. मी उभा होतो तिथं आली. मला वाटलं, आता काहीतरी म्हणेल. "सरका," ती म्हणाली. मी सरकलो. तिने उघडी छत्री माझ्या पावलांच्या खुणांवर ठेवली, दांडा ढेकळांत खुपसला, वाऱ्याने उडू नये म्हणून कडेला दोन दगड लावले. मग मागं जाऊन दोन्हीकडं बघितलं. तिकडं खाट, इकडं छत्री.

"मधी असली तर?" ती म्हणाली.

अपेक्षाने गळ्यातली ओढणी काढली आणि एक टोक खाटेच्या खुराला बांधून, दुसरं हातात धरून मधल्या जागेवर सावली करत उभी राहिली. दादांना मी लिंबाखाली नेऊन निजवलं, तोंडावर पाणी मारलं. तिथून बघत होतो. दुपार कलायला लागली तशी छत्रीची सावली जागेवरून सरकायला लागली. सुलेखा उठायची, दांडा उपटायची, वीतभर पश्चिमेला खोचायची आणि परत तिथंच उन्हात बसायची.